अमेरिकेत राहून गेलेला पैसा: कोणत्या राज्याचं दार ठोठवायचं?

एडिसन, फ्रीमाँट, अर्विंग, नेपरव्हिल अशा गावांत चार-सहा वर्षं काढून पुण्या-ठाण्याला परतलेल्या घरांचे अमेरिकेत थोडे ना थोडे पैसे अडकलेले असतात. अपार्टमेंटचं डिपॉझिट, शेवटच्या पगाराचा न वटवलेला चेक, कंपनीने दिलेल्या शेअर्सचा डिव्हिडंड, हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटमधली (एचएसए) उरलेली रक्कम, वीज कंपनीचा रिफंड. गाडी विकणं, सोफा कुणाच्या तरी गळ्यात मारणं आणि बॅगांचं वजन तेवीस किलोंत बसवणं यातच जीव मेटाकुटीला येतो. शे-दोनशे डॉलरचा हिशोब तेव्हा कोण करतं?

हे पैसे कंपनीला गिळता येत नाहीत. ठरावीक मुदत उलटली की तिला ते राज्य सरकारच्या अनक्लेम्ड प्रॉपर्टी खात्याकडे भरावे लागतात, आणि मालक येईपर्यंत ते तिथे पडून राहतात. पण इथे 'सरकार' म्हणजे पन्नास राज्यं, वर वॉशिंग्टन डीसी. प्रत्येकाची तिजोरी वेगळी, यादी वेगळी, फॉर्म वेगळा. आपण राहत होतो त्या राज्याच्या यादीत नाव शोधायचं, सापडलं नाही की विषय संपला, असं बहुतेक जण करतात. तिथेच गाडी चुकते. तुम्ही कुठे राहत होता याला कायद्याच्या लेखी किंमत नाही. ज्या कंपनीकडे पैसे होते तिच्या वहीत तुमचा कोणता पत्ता लिहिलेला आहे, त्यावरून राज्य ठरतं. म्हणून शोधायला बसण्याआधी प्रत्येक रकमेमागची वही कोणाची आणि त्यात काय लिहिलं असेल, हे उलगडावं लागतं. पुढे त्याचीच रीत सांगितली आहे.

## आधी नियम, आणि तो कुठून आला

नियम दोन ओळींचा आहे. पैसे देणं लागणाऱ्या कंपनीच्या नोंदींत मालकाचा शेवटचा पत्ता ज्या राज्यातला, त्या राज्याचा पहिला हक्क. पत्ता नोंदलेलाच नसेल, किंवा त्या राज्याकडे असा पैसा ताब्यात घेण्याचा कायदाच नसेल, तर कंपनीची नोंदणी ज्या राज्यात झाली आहे त्याचा हक्क.

हे दोन वाक्यांत मांडायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला एक लांबलचक भांडण सोडवावं लागलं. १९६१ मध्ये वेस्टर्न युनियनच्या खटल्यात न्यायालयाने म्हटलं होतं की एकच देणं एका कंपनीकडून दोन राज्यांना वसूल करता येणार नाही, आणि राज्याराज्यांत वाद असेल तर तो थेट सर्वोच्च न्यायालयात आणावा. मग आलं सन ऑइल कंपनीचं प्रकरण. कंपनीची नोंदणी न्यू जर्सीत, मुख्य कचेरी पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियात, आणि वादातली देणी टेक्सासमधल्या कचेऱ्यांच्या वह्यांत. सुमारे १,७३० लोकांचे किरकोळ पैसे, एकूण २६,४६१ डॉलर ६५ सेंट. कुणाची रॉयल्टी, कुणाचा पगार, कुणाचा कधीच न वटवलेला चेक. यातली काही देणी चाळीस वर्षं जुनी होती.

एवढ्याशा रकमेसाठी चार राज्यं उभी राहिली. टेक्सास म्हणालं, व्यवहाराचा संबंध सगळ्यात जास्त आमच्याशी. न्यू जर्सी म्हणालं, कंपनी आमची, म्हणून तिची देणीही आमची. पेनसिल्व्हेनियाने मुख्य कचेरीचा मुद्दा काढला. फ्लोरिडा मधेच आत शिरलं आणि म्हणालं, ज्या माणसाला पैसे द्यायचे आहेत त्याच्या पत्त्याचं राज्य बघा, बाकी कशाला? १९६५ मध्ये न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी निकाल लिहिला आणि फ्लोरिडाचं म्हणणं उचलून धरलं. टेक्सासची कसोटी लावली तर प्रत्येक देण्यावर नवा खटला उभा राहील. न्यू जर्सीचं मानलं तर कागदोपत्री नोंदणीच्या एका योगायोगावर सगळा पैसा एका राज्यात जाईल. आपण निवडलेला नियम राज्यघटनेतून किंवा कुठल्या कायद्यातून थेट निघत नाही, तो राबवायला सोपा आणि त्यातल्या त्यात न्याय्य आहे म्हणून निवडला, हेही निकालात मोकळेपणाने लिहिलं आहे. मला हा मोकळेपणा आवडतो. हा नियम तुमच्या सोयीसाठी नाही, हेही त्यातूनच कळतं. तो हिशोबनिसांच्या आणि राज्यांच्या सोयीसाठी आहे.

पुढच्या तीन वादांचा तुमच्या शोधावर थेट परिणाम होतो, म्हणून तेही थोडक्यात.

१९७२ मध्ये प्रश्न होता वेस्टर्न युनियनच्या मनीऑर्डरींचा. त्या विकताना पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा ठेवलेलाच नसायचा, त्यामुळे पहिली ओळ लागू पडेना आणि सगळा पैसा नोंदणीच्या राज्याकडे, म्हणजे न्यूयॉर्ककडे वळला. न्यायालय नियमापासून हललं नाही. मग अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, १९७४ मध्ये फक्त मनीऑर्डर, ट्रॅव्हलर्स चेक आणि तत्सम कागदांसाठी वेगळा कायदा केला: कागद ज्या राज्यात विकत घेतला, पैसा त्या राज्याचा.

१९९३ मध्ये डेलावेअर आणि न्यूयॉर्क भिडले. न्यूयॉर्कमधल्या बँका आणि ब्रोकर यांच्याकडे मालक न सापडलेले डिव्हिडंड आणि व्याज पडून होतं. न्यूयॉर्कने सुमारे ३६ कोटी डॉलर आपल्या तिजोरीत घेतले होते. न्यायालयाने सांगितलं की आधी देणं नक्की कोण लागतं ते ठरवा. ती मधली बँक किंवा ब्रोकर असेल तर त्याचीच वही आणि त्याचीच नोंदणी बघायची. शेअर काढणारी मूळ कंपनी इथे येत नाही.

आणि २०२३ मध्ये मनीग्राम या पैसे पाठवण्याच्या धंद्यातल्या कंपनीचं प्रकरण. बँकांमार्फत विकलेल्या काही खास चेकांचे पडून राहिलेले पैसे मनीग्राम डेलावेअरला भरत होती, कारण तिची नोंदणी तिथली. सुमारे तीस राज्यं विरोधात गेली; रक्कम २५ कोटी डॉलरच्या आसपास. न्यायमूर्ती केटांजी ब्राउन जॅक्सन यांनी लिहिलेल्या निकालात हे चेक मनीऑर्डरसारखेच मानले गेले आणि १९७४ चा कायदा लागू झाला. डेलावेअर हरलं.

डेलावेअरचं नाव पुन्हा पुन्हा येतंय ते उगाच नाही. लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास, पण अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांपैकी निम्म्याहून जास्त तिथे नोंदवलेल्या. पत्ता नसलेला पैसा नोंदणीच्या राज्यात जातो म्हटल्यावर हा पैसा त्या राज्याच्या उत्पन्नाचा मोठा झरा झाला आहे. डेलावेअरला आयुष्यात पाय न ठेवलेल्या माणसाचे पैसे तिथे सापडू शकतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

## पायरी १: पैसे राज्याकडे गेलेत तरी का?

कंपनी लगेच पैसे भरत नाही. आधी खातं निपचित पडल्याची मुदत पुरी व्हावी लागते. न वटवलेल्या पगाराच्या चेकसाठी ती अनेक राज्यांत १ वर्ष असते. बँक खातं, शेअर, रिफंड यांना बहुतेक ठिकाणी ३ किंवा ५ वर्षं. मनीऑर्डरला बऱ्याच राज्यांत ७ आणि ट्रॅव्हलर्स चेकला १५. त्यानंतर कंपनी वहीतल्या पत्त्यावर तुम्हाला एक पत्र पाठवते. तुमच्या जुन्या अपार्टमेंटमध्ये आता राहणारा माणूस ते जंक मेल समजून टाकून देतो, हे सांगायला नकोच. मग वार्षिक यादी भरायची वेळ. बहुतेक राज्यांत तारीख १ नोव्हेंबर, डेलावेअरमध्ये १ मार्च. म्हणजे मुदत संपल्यावरही पैसे राज्यात पोचायला वर्षभर सहज जातं.

परतून वर्ष-दोन वर्षंच झाली असतील तर राज्याच्या यादीत शोधण्यात वेळ घालवू नका. थेट कंपनीच्या पेरोलला, लीजिंग ऑफिसला, ब्रोकरला ईमेल करा. अजून पैसे त्यांच्याकडेच असतील तर चेक पुन्हा काढून मिळतो आणि पुढचा सगळा खटाटोप वाचतो.

काही पैसे मात्र राज्यांकडे कधीच जात नाहीत. ४०१(के), म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती-बचत योजना, केंद्राच्या एरिसा कायद्याखाली येतात, त्यामुळे चालू योजनेतले पैसे साधारणपणे राज्याच्या यादीत नसतात. त्यासाठी अमेरिकेच्या श्रम खात्याने २०२४ च्या अखेरीस हरवलेल्या रिटायरमेंट खात्यांची एक शोधयादी सुरू केली आहे. आयआरए, म्हणजे स्वतः उघडलेलं निवृत्ती खातं, याचं तसं नाही, त्यातले पैसे राज्याकडे जातात. केंद्राचा इन्कम टॅक्स रिफंड आयआरएस या केंद्राच्या करखात्याकडेच राहतो.

## पायरी २: प्रत्येक रकमेमागची वही शोधा

एक कोरा कागद घ्या. डावीकडे अमेरिकेतली प्रत्येक नोकरी, घर, बँक, ब्रोकर, विमा, वीज-इंटरनेट कंपनी लिहा. उजवीकडे त्या प्रत्येकाकडे तुमचा शेवटचा पत्ता कोणता होता ते लिहा. खरं काम इथेच आहे, आणि ते आठवणीवर करू नका. डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा कर-दाखला), १०९९ (इतर उत्पन्नाचा), पे स्टब, लीजची प्रत, ब्रोकरचं शेवटचं स्टेटमेंट, जे जे ईमेलात सापडेल ते काढा. डब्ल्यू-२ वर छापलेला पत्ता म्हणजे त्या वर्षी पेरोलच्या वहीत असलेला पत्ता, इतकं सोपं आहे.

देसी कन्सल्टन्सीतून गेलेल्यांनी इथे जरा जास्त लक्ष द्यावं. पहिल्या महिन्यात कन्सल्टन्सीच्या गेस्ट हाऊसवर मुक्काम असतो आणि पेरोलमध्ये तोच पत्ता चढतो. पुढे क्लायंट लोकेशन बदलत जातं, डॅलस, शार्लट, सिअॅटल, घरं बदलतात, पण पेरोलचा पत्ता बदलायचा कुणाला सुचतं? अशा माणसाचे पैसे तो कधी नीट राहिलाच नव्हता त्या राज्याच्या यादीत निघतात. याचं कारण बहुतेक वेळा ते गेस्ट हाऊसच असतं.

पत्ता पूर्ण असण्याचीही गरज नाही. २०१६ च्या नमुना कायद्यात, जो अनेक राज्यांनी कमीअधिक फरकाने स्वीकारला, राज्य ओळखता येईल एवढी कुठलीही खूण पुरेशी मानली आहे. नुसता झिप कोड नोंदलेला असला तरी चालतो. जुन्या कायद्यांत टपाल पोचेल इतका पत्ता लागायचा. त्यामुळे एकच नोंद एका राज्याच्या दृष्टीने पत्ता ठरते, दुसऱ्याच्या दृष्टीने नाही.

वही कोणाची, हेही तपासा. शेअर ब्रोकरकडे ठेवलेले असतील तर ब्रोकरची वही. शेअर थेट कंपनीच्या ट्रान्स्फर एजंटकडे (कंपनीसाठी शेअरधारकांची नोंद ठेवणारा) तुमच्या नावावर असतील तर त्याच्याकडची नोंद.

सेफ डिपॉझिट लॉकरमधल्या वस्तूंना मात्र हा हिशोब लागत नाही. लॉकर ज्या राज्यात, वस्तू त्या राज्याकडे. न्यू जर्सीच्या बँकेत ठेवलेलं मंगळसूत्र न्यू जर्सीकडेच मागायचं.

## पायरी ३: पत्ता भारतातला असेल तर

आपल्या लोकांना हा भाग सगळ्यात जास्त लागू पडतो आणि याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. शहाण्या माणसासारखं निघताना सगळीकडे पुण्याचा पत्ता दिला, तर काय होतं? वहीत पत्ता आहे, पण तो अमेरिकेच्या कुठल्याच राज्यातला नाही. बऱ्याच राज्यांच्या कायद्यांनुसार अशा वेळी कंपनीची नोंदणी ज्या राज्यात, तिथे पैसा जातो. काही राज्यं परदेशी पत्त्याच्या पैशाला हात लावत नाहीत, मग तो कंपनीकडेच राहतो. थोडक्यात, पत्ता जितका प्रामाणिकपणे बदललात तितकी डेलावेअर बघायची वेळ येण्याची शक्यता वाढते.

नोंदणीचं राज्य शोधणं अवघड नाही. शेअर बाजारात असलेल्या कंपनीच्या १०-के या वार्षिक अहवालाच्या पहिल्याच पानावर ते छापलेलं असतं. अॅपल कॅलिफोर्नियात, मायक्रोसॉफ्ट वॉशिंग्टनमध्ये, अॅमेझॉन आणि अल्फाबेट डेलावेअरमध्ये. लहान कंपन्यांसाठी राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या साइटवर फुकट शोध घेता येतो. कंपनी एलएलसी (मर्यादित जबाबदारीची खासगी कंपनी) असेल तर तिची कागदपत्रं ज्या राज्यात दाखल झाली ते राज्य धरा. नोंदणी बदलतेही, टेस्ला २०२४ मध्ये डेलावेअर सोडून टेक्सासला गेली. जुना पैसा बदलाच्या आधी भरला गेला की नंतर, हे कळत नसेल तर दोन्ही राज्यं बघा.

बँकांचं वेगळं आहे. 'एन.ए.' लावणाऱ्या राष्ट्रीय बँकांना सनद केंद्राकडून मिळते, त्यामुळे नोंदणीचं असं राज्य नसतं. त्यांचं होम ऑफिस बघतात. सिटीबँक आणि वेल्स फार्गो यांची ती कचेरी साउथ डकोटातल्या सू फॉल्सला आहे, जेपी मॉर्गन चेसची ओहायोत कोलंबसला. एनआरआय लोकांनी साउथ डकोटाच्या यादीत नाव शोधणं विचित्र वाटेल, पण बँकेत भारतातला पत्ता दिला असेल तर तिथेही एकदा बघाच.

## एक उदाहरण

समजा, एक इंजिनिअर. आधी एडिसनला गेस्ट हाऊसमध्ये, मग टेक्सासमध्ये अर्विंगला दोन वर्षं, शेवटी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला. तिथून तो कोथरूडला परतला. त्याची कंपनी मिशिगनमधून चालते, नोंदणी न्यू जर्सीची.

शेवटच्या पगाराचा चेक त्याने वटवलाच नाही. पेरोलमध्ये पत्ता अर्विंगचाच राहून गेला होता, म्हणून हे पैसे टेक्सासकडे. काम कॅलिफोर्नियात केलं, कंपनी न्यू जर्सीची, कचेरी मिशिगनला. यातलं काहीही मोजलं जात नाही.

फ्रीमाँटच्या अपार्टमेंटच्या डिपॉझिटसाठी त्याने फॉरवर्डिंग अॅड्रेस कोथरूडचा दिला. अपार्टमेंटची मालक डेलावेअरची एलएलसी. हे डेलावेअरकडे असण्याची शक्यता जास्त, तरी कॅलिफोर्नियात नजर टाकायची. कारण लीजिंग ऑफिसातल्या माणसाने नवा पत्ता सिस्टिममध्ये टाकलाच असेल याची काय खात्री?

शेअर ब्रोकरकडे, पत्ता फ्रीमाँटचा. कॅलिफोर्निया.

एडिसनला असताना त्याने एक मनीऑर्डर काढली होती, ती कुणी वटवलीच नाही. विक्रेत्याकडे विक्रीची जागा नोंदलेली आहे, म्हणून १९७४ च्या कायद्याने न्यू जर्सी. इथे कंपनी कुठली आणि पत्ता कुठला याने फरक पडत नाही.

निरोपाला मित्रांनी दिलेलं गिफ्ट कार्ड अर्धं उरलंय. कार्डाच्या वहीत कुणाचंच नाव नाही, त्यामुळे दुसरी ओळ: कार्ड काढणाऱ्या कंपनीच्या नोंदणीचं राज्य. कित्येक राज्यं गिफ्ट कार्डावर हक्कच सांगत नाहीत, आणि काही कंपन्या मुद्दाम अशाच राज्यांत कार्डासाठी वेगळी कंपनी काढतात. कार्ड जिथे विकलं गेलं ते राज्य आपलं मानावं असा प्रयत्न न्यू जर्सीने करून पाहिला होता. २०१२ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने तो अडवला. ते कार्ड ऑनलाइन चालतंय का ते बघून वापरून टाका, एवढाच सल्ला.

एकाच माणसाचे पाच प्रकारचे पैसे, आणि किमान चार राज्यांत शोध. फ्रीमाँटला राहत होतो म्हणून फक्त कॅलिफोर्निया बघितलं असतं, तर त्याला नक्की सापडले असते ते फक्त शेअर.

## पायरी ४: यादीत नाव शोधणं

सुरुवात मिसिंगमनी डॉट कॉमवर करा; बरीच राज्यं तिथे एकत्र शोधता येतात. मग राज्यांच्या स्वतःच्या साइट्स. त्यांची यादी अनक्लेम्ड डॉट ऑर्गवर आहे, ती साइट राज्यांच्या याच खात्यांच्या संघटनेची. खात्याचं नाव राज्यागणिक बदलतं: कॅलिफोर्नियात स्टेट कंट्रोलर, टेक्सास आणि न्यूयॉर्कमध्ये कॉम्पट्रोलर, इलिनॉय आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ट्रेझरर, जॉर्जिया आणि वॉशिंग्टनमध्ये महसूल खातं. शोध सगळीकडे फुकट असतो.

नाव मराठी असेल तर शोधाचे प्रकार वाढवा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कधी मधल्या नावात जातं, कधी पहिल्या नावाला चिकटतं, कधी त्याचं एक अक्षर राहतं. क्षीरसागर, ज्ञानेश्वर, वैद्य, दीक्षित यांची रोमन स्पेलिंगं पेरोलवाल्यांनी किती प्रकारे लिहिली असतील ते तेच जाणोत. पासपोर्टवर आडनाव वेगळं छापलं नसेल तर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) येतं. ते टाकूनही शोधा. लग्नाआधीचं आडनाव, दोन्ही आडनावं एकत्र, आडनाव आणि नाव यांची अदलाबदल, हे सगळं करून बघा. फक्त आडनावावर शोध घेतलात तर निकाल भरपूर येतात, पण जोशी, कुलकर्णी, पाटील सोडले तर ते चाळणं अशक्य नाही.

निकालात काय दिसतं ते नीट वाचा. कॅलिफोर्नियाच्या यादीत प्रत्येक नोंदीला मालकाचं नाव, कळवलेला पत्ता, रकमेचा प्रकार, रक्कम आणि पैसे कुणी भरले त्या कंपनीचं नाव असतं. तो पत्ता म्हणजेच कंपनीच्या वहीतली ओळ. तो अनोळखी वाटला तरी कंपनी ओळखीची असेल तर थांबा; ते जुनं गेस्ट हाऊस असू शकतं.

राज्याने कंपनीचं ऑडिट केलं आणि जुनी नोंद सापडली नाही तर काही राज्यं अंदाजाने रक्कम ठरवून कंपनीकडून वसूल करतात. अशा रकमेला कुणाचंच नाव नसतं आणि ती कुठल्याच यादीत सापडत नाही. तिथे भरलेला पैसा मालकाला कधी परत जाईल, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

## पायरी ५: दावा

पैसे चुकीच्या राज्यात गेले असं वाटलं तरी ते तुमचं डोकेदुखीचं काम नाही. ज्या राज्याकडे पैसे आहेत, त्यानेच तुम्हाला द्यायचे. हक्क कोणत्या राज्याचा हा वाद राज्याराज्यांतला; त्यात तुमचा मालकीहक्क बदलत नाही. बहुतेक राज्यांत पैसे फक्त सांभाळायला घेतलेले असतात आणि दाव्याला कालमर्यादा नसते. शेअरचं मात्र लक्षात घ्या: राज्यं ते विकतात. कॅलिफोर्नियात अहवाल भरल्यापासून साधारण दीड वर्षाने विक्री होते, आणि मग तुम्हाला विक्रीचे पैसे मिळतात, त्यानंतर चढलेला भाव नाही.

कागद तीन प्रकारचे लागतात: तुम्ही कोण हे दाखवणारे, सोशल सिक्युरिटी नंबर दाखवणारा, आणि वहीतल्या त्या पत्त्याशी तुमचा संबंध जोडणारा. तिसरा सगळ्यांत अवघड. जुनं वीजबिल, लीज, त्या पत्त्याचा डब्ल्यू-२, बँक स्टेटमेंट, अमेरिकन ड्रायव्हिंग लायसन्सची प्रत, काहीही चालू शकतं. म्हणून परत येताना तो कागदांचा डबा रिसायकलिंगमध्ये टाकू नका. सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

मोठ्या रकमेला नोटरी लागते. भारतातून तीन वाटा. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत अपॉइंटमेंट घ्यायची; तिथे प्रत्येक शिक्क्याला ५० डॉलर पडतात. किंवा भारतीय नोटरी करून त्यावर अपोस्टिल (परदेशात चालण्यासाठीचा सरकारी शिक्का), पण ते त्या राज्याला चालतं का हे आधी ईमेलने विचारून घ्या. किंवा ऑनलाइन नोटरी, तीही चालते का विचारूनच. शंभर डॉलरच्या दाव्यासाठी पन्नास डॉलरचा शिक्का घ्यायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

मालक हयात नसेल तर वारसाला दावा करता येतो. महाराष्ट्रातला मृत्यूचा दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतो, त्यामुळे भाषांतराची कटकट बहुधा टळते. वारस कोण हे सिद्ध करणारा कागद कोणता चालेल, हे राज्यागणिक बदलतं.

"तुमचे पैसे शोधून देतो" म्हणणारे फोन आणि पत्रं येतील. त्यातले काही खरोखर नोंदणीकृत धंदेवाले असतात. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये त्यांच्या फीवर १० टक्क्यांची मर्यादा आहे. पण आधी पैसे मागणारा माणूस फसवा समजा. राज्याकडे तुम्ही स्वतः दावा केला तर त्याला फी नसते.

मंजुरीला वेळ लागतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने राज्याला १८० दिवस दिले आहेत. मग येतो चेक. डॉलरचा कागदी चेक आजकाल अनेक भारतीय बँका घेतच नाहीत, घेतला तर आठवडे लावतात आणि वर फी कापतात. अमेरिकेत एखादं खातं अजून जिवंत असेल तर थेट जमा करायची सोय आहे का ते फॉर्म भरतानाच बघा. आणि तुम्ही आता भारतात पूर्ण निवासी झाला असाल तर ही रक्कम, विशेषतः शेअर आणि व्याज, आपल्या रिटर्नमध्ये कशी दाखवायची हे सीएला विचारून घ्या.

## निघण्याच्या बेतात असाल तर

भारतातला खरा पत्ता द्या. जिथे राहत नाही असा भावाचा किंवा मित्राचा पत्ता देऊन बँकेशी आणि करखात्याशी नवीन घोळ करू नका. कंपनीचं ईमेल काढून स्वतःचं घाला, अमेरिकन फोन नंबरवर येणारा ओटीपी बंद पडण्याआधी नंबर बदला. ब्रोकर, एचएसए आणि आयआरए खात्यात वर्षातून एकदा लॉगिन करा, आणि जमलं तर एखादा मेसेज पाठवून उत्तर जपून ठेवा. डिव्हिडंड आपोआप पुन्हा गुंतवला जातोय म्हणून खातं चालू आहे, असं बरीच राज्यं मानत नाहीत. मालकाकडून काहीतरी हालचाल दिसली पाहिजे, आणि वर्षाला पाच मिनिटांच्या लॉगिनमध्ये ती दिसते.